बिनसहीचा अर्ज

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती सिस्टर, आणि मूल दत्तक घ्यायच्या ओढीने आलेल्या आईबापांनो,

मी सातवी नापास माणूस. हातातला कागद नुसता आधाराला धरलाय. पाणी जवळ ठेवलंत ते बरं केलंत.

माझ्याआधी चौघे बोलले. सिस्टर माउली, सिस्टर देवता. खरं सांगू? ऐकताना मला शिसारी आली. सिस्टरांची नव्हे, आपल्या जिभांची.

आठ वर्षांपूर्वी याच दवाखान्यात माझ्या मुलाला आणि सूनबाईला एक तान्ही मुलगी दाखवली. हातपाय थरथरत होते, शिंका थांबत नव्हत्या, रडणं कानात घुसणारं. जन्मदात्या आईला दुखण्याच्या गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. दत्तकाचे कारकून म्हणाले, "थांबा थोडे, दुसरं दाखवतो." कापडाला डाग निघावा तसं! माझी बहीण म्हणाली, नशेचं बी आहे, नको. मी मान डोलावली. मुलगा-सून मात्र हटली नाहीत, हीच हवी म्हणाली.

त्या आईबद्दल मी सिस्टरांसमोर नको ते बोललो. बाळाचं दुपटं घट्ट करता करता सिस्टरांनी विचारलं, "आजोबा, तपकीर कधी सोडताय?" डबी माझ्या हातातच होती. मग त्यांनी समजावलं. ती आई दिवस गेल्यापासून रोज दवाखान्यात येऊन त्या गोळ्यांऐवजी डॉक्टरांनी दिलेलं औषध घेत होती. सगळंच एकदम सोडलं असतं, तर बाळाच्याच जिवाला धोका होता. बाळ व्यसनी नाही, त्याच्या शरीराला सवय झालीय, ती हळूहळू उतरवायची. मंद उजेड, शांतता, छातीशी धरणं, थोडं थोडं दूध. तेवढ्याने भागलं नाही म्हणून थेंबांचं औषध, तेही हळूहळू कमी करत न्यायचं.

थेंब अफूच्या जातीचे, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. घरी जाऊन अर्ज खरडला: सिस्टर बाळाला अफू पाजतात. सही केली नाही, तसाच इथल्या कचेरीत टाकला.

मोठे डॉक्टर त्या दिवशी परगावी. कचेरीने घाबरून बाटली कुलपात घातली. दुसऱ्या सकाळी मी काचेतून पाहिलं. बाळाच्या टाचा आणि हनुवटी चादरीवर घासून सोलल्या होत्या. ड्यूटी संपूनही सिस्टर त्याला उराशी घेऊन बसलेल्या. सूनबाई बाहेर आली.

"बाबा, कुणी केलं असेल हो हे?"

"लोक नीच असतात," मी म्हणालो.

दुपारी डॉक्टर आले, औषध पुन्हा सुरू झालं. चार आठवड्यांनी थेंब थांबले आणि नात घरी आली. आता तिसरीत आहे, वर्गात फार बडबडते अशी तक्रार असते. तिचे डोळे, बोलणं, अभ्यास, डॉक्टर अजून तपासतात. आईबापांनो, पुढे काय होईल ते जरूर विचारा. पण दुसरं दाखवा म्हणू नका.

सिस्टरांच्या फाइलीवर मात्र चौकशीचा शेरा बसला. हेडसिस्टरची जागा दोनदा दुसरीला गेली. त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत. मीही नाही. सूनबाई तिसऱ्या रांगेत बसलीय, तिलाही हे आत्ताच कळतंय.

आयोजकांनी बोलावलं, मानाने बसवलं, उपकार झाले. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या अर्जाची माफी मागायला मला तोंड नाही. दुसरा लिहून आणलाय, सगळं खरं खरं. अध्यक्ष महाराज, हा सिस्टरांच्या फाइलीला लावा. खाली सही आहे.