नव्या धानाआधीचं लग्न

मी, कलाबाई मारोती मेश्राम, वय ५६ वर्षे, धंदा शेती व मोहफुले वेचणे, रा. कोसमटोला, ता. पोंभुर्णा, जि. चंद्रपूर, आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगते की,

मी वरील ठिकाणी राहते. माझे पती वारले आहेत. शेजारच्या घरात माझा मोठा भाऊ दसरू कुळमेथे राहतो. त्याची बायकोही वारली आहे. तो बांबूच्या टोपल्या, सुपे विणतो.

सदर विदेशी महिला नामे हिल्डा, देश बेल्जियम, वय ६४, ही निवृत्त शिक्षिका असून विधवा आहे. ती वाघ पाहायला आली होती. वाघ दिसला नाही. गाइडने तिला टोपल्या दाखवायला आमच्या गावी आणले. त्यानंतर ती दरवर्षी येऊ लागली. व्हिसा संपला की जायची, मिळाला की यायची. तिला विणकाम अजूनही नीट जमत नाही. तिचे सूप आम्ही कोंबड्या झाकायला वापरतो. तिचे गुडघे दुखतात म्हणून दसरूने बांबूची उंच खुर्ची केली. त्याआधी आमच्या कोणाच्याच घरात खुर्ची नव्हती.

सदर महिलेला इथेच कायम राहायचे होते. माझी मुलगी दुर्गा हिने मोबाईलवर शोधले. नोकरीला, शिकायला, दवाखान्यात येणाऱ्याला आपल्या देशात व्हिसा आहे. पेन्शन घेऊन नुसते राहायला येणाऱ्याला नाही, असे तिने सांगितले. इथल्या माणसाशी लग्न केले तर मिळतो, हेही सांगितले. तेव्हा दसरू खाली पाहून बांबू सोलत होता. तो म्हणाला, "मी तं कवाचाच विचारून राह्यलो तिले. व्हिसाचं तुम्ही आता काढलं." हे मी स्वतः ऐकले आहे.

त्यानंतर दोघांनी चंद्रपूरच्या कार्यालयात सह्या करून लग्न केले व व्हिसा बदलून मिळण्यासाठी अर्ज केला. मी सोबत होते. परंतु आमच्या गावात सहीला लग्न धरत नाहीत. नवरीच्या हातचे पाणी पंच पितात, गावजेवण होते, तेव्हा लग्न झाले असे धरतात. ते जेवण नव्या धानाचे लागते. धान तेव्हा शेतात उभे होते. म्हणून धान निघाल्यावर लग्न करायचे ठरले व तोपर्यंत सदर महिला माझ्या घरी झोपत होती. ही रीत आहे, यात लबाडी नाही.

अशात त्या अर्जाच्या चौकशीसाठी एक पोलीस शिपाई आले. दसरू बांबू तोडायला जंगलात गेला होता व सदर महिला दुर्गासोबत बाजारात गेली होती. मी एकटीच घरी होते. शिपायांनी विचारले, "बाई, ह्या दोघायचं लगन झालं काय?"

मी म्हटले, "नाई जी, अजून कुठी? धान निघू द्या."

"मंग हे बाई झोपते कुठी?"

"माह्या घरी. लगनाआधी त्याच्या घरी कशी झोपन?"

शिपायांनी लिहून घेतले व मी अंगठा दिला. मी त्यांना चहा पाजला. पोलिसांना खरे सांगितले याचे मला समाधान वाटले होते.

त्या जबाबावरून अर्ज नामंजूर झाला. लग्न दिखाऊ आहे, महिनाअखेर देश सोडावा, असे पत्र आले. दुर्गाने ते वाचून दाखवले. दसरू मला रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तुले लबाडी शिकवाची राहूनच गेली बाई." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पत्र आल्यावर पंचांनी शेताच्या बांधीतले एक पेंढीभर धान आधी कापायला लावले व झोडपून त्याचा भात जुन्या भातात मिसळला. परवा जेवण झाले. पंचांनी तिच्या हातचे पाणी घेतले. ती आता दसरूच्या घरी झोपते.

आज ठाण्यातल्या साहेबांनी मला विचारले की, दोन्ही जबाबांतला खरा कोणता? दोन्ही खरे आहेत. तेव्हा झाले नव्हते, आता झाले आहे. लग्न इथे राहण्यासाठी केले काय, असेही विचारले. मी म्हटले, "सोबत राह्यासाठीच करते ना जी माणूस लगन?"

साहेबांनी माझ्यासोबत आलेल्या सदर महिलेला सांगितले की, थायलंड, पोर्तुगालमध्ये पेन्शनवाल्यांना व्हिसा देतात, तिकडे जावे. ती म्हणाली, "तिथी दसरू नाई." ती आमच्याकडेच मराठी शिकली आहे.

माझ्या पहिल्या जबाबाने दोघांची ताटातूट होत आहे. याचे मला फार वाईट वाटते. तो जबाब मागे घ्यावा, अशी विनंती आहे.

माझा हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात सगळीकडे "सदर विदेशी महिला" असे लिहिले आहे. तिथे "माझी भावजय" लिहा, असे मी सांगितले. चौकशी संपेपर्यंत तसे लिहिता येत नाही, असे साहेब म्हणाले. तेवढे सोडून बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्या शब्दांवर माझा अंगठा धरू नये.

(कलाबाई मारोती मेश्राम हिचा डाव्या हाताचा अंगठा)