चार लेखक आणि बाकीचे

कीर्तनाला निघालेल्या मैनाबाई अमरावतीहून दर्यापूरच्या गाडीत बसल्या, तेव्हा पुढच्या बाकावर कॉलेजात शिकवणारी दोघं बोलत होती.

"परदेशातून मेल आला का, दीपमाला मॅडम?"

"आला, अमोलभाऊ. आपल्या शोधनिबंधाले चार लेखक हायेत, चारही तिकडचे. आपली दोघायची नावं खाली, आभारात."

"आन् चाळीस शाळा कोण फिरलं?"

"आपणच, आन् आपले विद्यार्थी, संध्या आन् ललित. तिकडून आलेल्या कागदात प्रश्न होता, घरी अभ्यासाची वेगळी खोली हाय का? पोरं हसाले लागली. मंग सारे प्रश्न मी वऱ्हाडीत नव्यानं लिहिले. आता तेच प्रश्न ते छापून राहिले."

मैनाबाईंनी मांडीवरची टाळांची पिशवी घट्ट धरली. आवाज नको व्हायला.

"मंग भांडा नं!"

"भांडून थकली, भाऊ. पैसा त्यायचा, म्हणून लेखक बी त्यायचे. आज संध्याकाळपर्यंत संमतीची सही पाहिजे म्हणे."

"नका करू सही."

"मंग पुढचा निधी बंद. संध्या आन् ललितची पीएचडी त्याच्यावरच हाय. मघाशी फोन करून विचारलं दोघायले."

"काय म्हणे?"

"संध्या म्हणे, मॅडम, तुमचं नाव आभारात तरी हाय. आमचं कुठी हाय?"

"बरोबर बोलली पोरगी. मंग?"

"मंग काय! सही नाई केली. संमतीच्या कागदावर त्या चार लेखकायच्या खाली संध्या लिहिली, ललित लिहिला, तुमाले लिहिलं, शेवटी मले. आन् देलं पाठवून."