खाली किती येतो ते विचार

हॅलो? … हां, बोल वर्षा, येतोय आवाज. … न्हाई गं, स्टुडिओत न्हाई, वावरात हाय मी. कडुलिंबाखाली, बांधावर. हितंच तेवढी रेंज घावती, जरा इकडंतिकडं सरकले की फोन गेलाच समज. तू पोचलीस का ड्रोनच्या दुकानात? … तिन्ही काढून ठेवलेत समोर? बरं मग, एकेक करून सांग. आन त्या दुकानदाराला मधीमधी बोलू देऊ नको, त्यो विकायला बसलाय.

पहिला कसला? … तळहाताएवढा? जा, खोटं बोलायलीस. … हातावरूनच उडतो? रिमोट बी लागत न्हाई? अगं मग बेसच की. … लांब किती जातो? … एवढंच? मग ते पाखरू झालं, ड्रोन कशाचा. आन वारं? वाऱ्यात टिकतो का विचार. … विचार तर. … हलक्या वाऱ्यात चालतो म्हणतो? त्याला म्हणावं, आमच्या डोंगरावर हलकं वारं कुठून आणू? हितं पवनचक्क्या काय शोभेला उभ्या केल्यात का? परवा वाळत घातलेली गोधडी पार आसाराम नानाच्या गोठ्यावर जाऊन पडली. … तुला आवडला? लई गोड हाय? वर्षाराणी, चांगली चांगली स्थळं आणली तर तोंड वाकडं करतीस, आन ड्रोन म्हणलं की पहिलाच पसंत. … बरं बरं, न्हाई बोलत. ठेव त्याला बाजूला.

दुसरा. … घडी होते? कशी, छत्रीवाणी? … पंख आत जातेत. हां. … वजन? … पावकिलोला बी कमी? म्हणजे दोन वांगी. पिशवीत बसंल मग. मला स्कूटीवर न्यायचाय गं, एका हातात डबा, एका हातात… अगं धीर धर, पाखरं उतरली, धर जरा—

हाऽऽ… हुर्र्र… हाऽऽ… मेल्यांनो, दुसऱ्याची न्हाई का जवारी.

हां बोल. … काय करू, दूध भरलंय कणसात, डोळ्यादेखत टिपायलेत. बुजगावणं हाय की उभं, पर त्याला कोण भ्यायलंय? … हो, आत्याचीच, तुझ्या आईची साडी हाय त्याच्या अंगावर. ती डाळिंबी. … आता तू नको सुरू करू. तुझ्या आईनंच पोतेऱ्याच्या गठुड्यात टाकली होती, फाटली म्हणून. म्या आपली नेसवली बुजगावण्याला. गेल्या जल्माची पुण्याई त्याची, पाटोद्याच्या बाजारातली साडी नेसून मिरवायलंय.

तर दुसरा. पिशवीतून काढला की वर जाईपर्यंत किती वेळ लागतो? … तेवढ्यात? चहाला उकळी बी येत न्हाई तेवढ्यात. हे चांगलं हाय. मला जल्दी पायजे बग. सकाळचं कोवळं ऊन थोडाच वेळ असतंय, मग वारं सुटतं, मग स्टुडिओ उघडायचा, पासपोर्ट फोटोवाले येऊन बसलेले असतेत. … व्हिडिओ? व्हिडिओ राहू दे. तिकडं ऊसतोडीला, कारखान्यावर, तुझ्या दादाच्या फोनवर व्हिडिओ जातोय का? नुसतं गोल गोल फिरत बसतंय. फोटो जातो. फोटो कसा येतो ते सांग.

… तिसरा ह्याच्याहून भारी हाय? … वाऱ्याला ऐकत न्हाई, बरं. … पेटी? केवढी पेटी? … त्याला म्हणावं मला वरात न्हाई काढायची. … काय म्हणतो? … लई उंच जातो. … लई लांब जातो. … समदा डोंगर एका फोटोत घेतो. हां. वर्षा, त्याला एकच विचार. खाली किती येतो?

… खाली, खाली. … हसतीस कावून? अगं खाली किती येतो ते विचार, जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर थांबून ऱ्हातो का, हलतो का, झाडाला धडकतो का. … त्याला हे कुणी विचारलंच न्हाई आजपर्यंत? मग आता विचारलं म्हणावं.

… तुला म्या सांगितलंच न्हाई ते. फोनवर सांगायची गोष्ट न्हाई, पर आता तूच खोदायलीस. ऐक. त्या दिवशी अंगद आलता ना, पाटोद्याचा, लग्नाचं शूटिंग करणारा. हातापाया पडून आणलं त्याला. यायचा सकाळी, आला ऊन डोक्यावर आल्यावर. त्यानं ड्रोन उडवला आन तिकडून आसाराम नानानं गोफण काढली. … मग काय तर. मागं ती रात्रीचे ड्रोन फिरतेत, चोर येतेत अशी आवई उठली होती ना, तवापासून ड्रोनचा आवाज आला की गाव दगड उचलतंय. मी मधी पळाले, म्हणलं, नाना, आपला हाय, आपला हाय. अंगद घाबरला आन त्यानं ड्रोन जो वर नेला, तो पार घारीच्या बी वर. तिथून एक फोटो काढला आन निघाला, त्याला हळदीला जायचं होतं.

पर फोटो चांगला आला गं. हिरवंगार. मी लगेच दादाच्या फोनवर टाकला आन म्हणलं आत्याला दाखवा. दिवसभर माझं ध्यान फोनवर. संध्याकाळी आत्याचा फोन आला, ऊस तोडून दमलेल्या, आवाज बी निघंना. म्हणल्या, "मनिषा, फोटो लई छान हाय गं. पर कुणाचं वावर हाय हे?"

… हां. असंच म्हणल्या.

… मी म्हणलं, आत्या, आपलं. तर हसल्या. म्हणल्या, म्हातारीची चेष्टा करतीस व्हय. आन दुसरंच बोलायला लागल्या, शेळी व्याली का, पाणी येतंय का.

… न्हाई गं, डोळे चांगले हायेत त्यांचे. तूच सांग, त्यांनी हे वावर असं कवा बघितलंय? पेरतेत, दसरा झाला की कोयता घेऊन ट्रॅक्टरमधी बसतेत. येतेत पाडव्याला, तवर काढणी होऊन कडबा बी रचलेला असतो. लग्न होऊन आल्या तवापासून. तुझी आजी होती तवर ती राखण करायची, तू तिच्यापाशी ऱ्हायचीस, तू हुरडा खाल्लास. त्यांनी न्हाई. जाताना बी काळं वावर आन आल्यावर बी काळंच. कणसात आलेली जवारी त्यांनी दुसऱ्याची बघितलीय, ट्रॅक्टरमधून, रस्त्यानं जाताना. मला त्या रात्री भाकर गेली न्हाई, वर्षा. माणसाला आपलं वावर वळखू येऊ नये व्हय.

… रडू नको दुकानात. लोक म्हणतील भाव परवडंना म्हणून रडायली.

आन नुसतं दाखवायचं म्हणून न्हाई गं. ऊसतोडीचा मुकादम पुढल्या सालाची नावं आत्ताच धरायलाय. मामा हो म्हणून मोकळे झालेत. मी आत्याला किती डाव म्हणलं, गुडघे गेले तुमचे, पुढल्या साली ऱ्हावा घरी, आपण दोघी बघू वावराकडं. तर म्हणतेत, कशाच्या जिवावर? त्या दगडात काय येतंय बाई? … मामा, तुझे वडील, ते बी तेच म्हणतेत. दोघांनी बी बघितलेलंच न्हाई काय येतंय ते. ती पोती बघतेत, पीक कुठं बघतेत? म्हणून मला हे पायजे. आत्यानं एकदा डोळ्यानं बघावं आन घरी ऱ्हावं. दुसरं काय न्हाई.

… हां, आता कळलं का खाली कावून? त्यांच्या वळखीच्या वस्तूपासून सुरू करायचं. आधी विहिरीपाशी तो चपटा दगड, ज्याच्यावर बसून त्या भाकर खातेत. मग जरा वर, विहीर. मग हा कडुलिंब. मग वर, बांध. मग समदं वावर. एकामागं एक फोटो. म्हणजे चालत आल्यावाणी वाटंल त्यांना. एकदम आभाळातून दाखवलं तर मला बी वळखू यायचं न्हाई.

… काय म्हणतो दुकानदार? … ऐकायलाय? स्पीकरवर ठेवलास का काय मेले? … बरं झालं. नमस्कार हो दादा. तुमीच सांगा मग. … दुसरा म्हणतेत? … डोक्याएवढ्या उंचीवर थांबतो. … सकाळच्या वाऱ्यात काय होत न्हाई, पार वादळात न्यायचा न्हाई. … मग आमच्या दारात उडवून दाखवा म्हणावं. म्हणजे तुमच्या दारात. वर्षा, तू उभी ऱ्हा आन फोटो काढून पाठव मला. … जा, मी हाय हितंच.

… मागं जाळी लावलीय, तिच्यात उडवून दाखवतेत? बरं. … आवाज येतोय गं मला, माशीवाणी. … आला. थांब, बघू दे.

… अगं, तू हायस. … हां, खालचा बघायले. … भांग दिसायलाय तुझा, वाकडा. … आन हा वरचा. कुंडी दिसती, चप्पल दिसती. तोंड दिसतंय. हसायलीस. … बारीक झालीस का गं? दिवाळीला अशी नव्हतीस. जेवतीस का न्हाई तिथं? … ते बघू मागून, आधी बोल, हलला का? … बास तर. आसाराम नानाला बी दाखवते हा. गोफण काढली त्यांनीच, आन आता मागं लागलेत, तो ड्रोन उडाला तवा माझी पाखरं उठली, रोज एक चक्कर माझ्या बी वावरावर मार. मुक्ताबाई म्हणायली, आमच्या घराचा काढून लेकराला पाठव, त्यो बी तिकडंच हाय ऊसतोडीला. देवळाच्या भोंग्यावरून सांगूनच टाकते, ड्रोन मनिषाचा हाय, दगड मारू…

ए, थांब थांब. दुसरा फोन येतोय. दादाचा नंबर. ह्या टायमाला? … तू ठेवू नको, हाय तशीच ऱ्हा. बघते.

हॅलो? … हां आत्या, मीच. काय झालं, फडात न्हाई गेलात का आज? … गाडी आली न्हाई, बरं. मला वाटलं काय झालं. … कोणता फोटो? … अंगदनं काढलेला? हां. … मोठा कुणी करून दाखवला? … साखराबाईनं. … कोपऱ्यात? विहिरीच्या अंगाला? … ठिपका. हां. … डाळिंबी, आत्या. तीच. … मीच नेसवली. बुजगावण्याला. … रागवा, काय बी म्हणा, तुमची साडी हाय.

… आत्या? … हायत का फोनवर?

… हां आत्या. आपलंच हाय. … समदं. ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत समदं आपलंच हाय. … तुमच्या डोक्याच्या वर गेलीय. हात वर केला तरच कणीस घावतंय. … न्हाई रडत, वारं हाय हितं. … काय म्हणलात? … आन मामा हायेत का तिथं? ऐकलं का त्यांनी? … बरं. … बरं आत्या. हां. ठेवा.

… वर्षा? हायस का? … हायस.

… काय झालं न्हाई गं. चांगलंच झालंय. तुझी आई रोज रातच्याला दादाचा फोन घेऊन तो फोटो बघत होती म्हणं. कुणाचं का असंना, हिरवं हाय म्हणून. आन आज शेजारच्या खोपीतल्या साखराबाईनं बोटानं मोठा करून दिला, तर विहिरीपाशी लाल ठिपका. साडी वळखली त्यांनी. विहिरीपाशी डाळिंबी साडी म्हणल्यावर वावर बी वळखलं. आधी मला बोलल्या, नेसायजोगी साडी बुजगावण्याला दिलीस म्हणून. मग म्हणल्या, "एवढी जवारी येती व्हय गं आपल्या वावरात?"

… आन ऐक ना, पुढचं ऐक. म्हणल्या, पुढल्या साली मुकादमाला माझं नाव सांगू नका, असं ह्यांना सांगितलंय मी. हुरडा माझ्या हातानं भाजणार हाय.

… मामा काय बोलले न्हाईत. … न्हाई, हो बी म्हणले न्हाईत. गप बसले. तुला ठाव हाय ना, त्यांना पटलं न्हाई की ते लगेच वरडतेत. गप बसले म्हणजे इचार करायलेत. मला तेवढं बास हाय आज.

… आता ड्रोन कावून नको? डोकं फिरलं का तुझं? एका ठिपक्यावर वळखायला किती दिवस गेले त्यांचे, आन मामा उद्या म्हणतील डाळिंबी साड्या काय दुसऱ्याकडं नसतेत का. आता तर घ्यायचाच. … दुसरा, दुसरा, घडीचा. खाली येतो त्यो. बॅटरी जास्तीची घे, आन पंख बी घे एक जोडी, आसाराम नानाचा भरवसा न्हाई. शनिवारी तूच घेऊन ये, कुरिअर न्हाई करायचं. आल्यावर त्या चपट्या दगडावर तू बसायचंस, आईला तुझं बी तोंड बघू दे. आन पुढल्या साली तिथं त्या सोता बसतील, मग आपण दोघी…

अगं, बघ की. बोलत बसले आन वाऱ्यानं साडी सुटली बुजगावण्याची, पदर पार कणसात गेलाय. … न्हाई, दुसरं फडकं न्हाई बांधायचं, तीच ऱ्हाऊ दे. जाते, नीट नेसवून येते. आता त्या रोज बघणार हायेत. … हां. ठेवते.