विमान आहे, घोडा नाही

अहो नाही, उजव्या नाही, डाव्या सीटवर बसा — उजवी माझी. म्हणजे इन्स्ट्रक्टरची. आधी पाय घाला, मग डोकं, नाहीतर आपटाल. हां. बसलात? खरं विमान आहे हो हे. म्हणजे होतं. पंख, शेपूट सगळं भंगारात गेलं, नाकापासून दारापर्यंतचा एवढाच तुकडा आम्ही उचलून आणला. गॅरेजचं शटर उखडलं, हे आत ढकललं आणि शटर पुन्हा बसवलं. तुमची माणसं न्यायला येतील तेव्हा तसंच करावं लागेल, आत्ताच सांगून ठेवते, जाहिरातीत लिहायचं राहिलं. आणि फोनवर तुम्ही हॉटेल म्हणालात ना — हॉटेलात कुठे ठेवणार? लॉबीत? म्हणजे पाहुणे येणार, टोपी घालणार, इथे बसून फोटो काढणार. बरं. नाही, वाईट कशाला वाटेल? भंगारातून आलं, लॉबीत चाललं, म्हणजे बढतीच झाली की.

विकते कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हे उगाळत बसत नाही. माझ्या भावाने दगा दिला. संपलं. एका वाक्यात सांगून झालं बघा. — पण तसं तुम्हाला काय कळणार? तुम्हाला वाटेल, भाऊबहिणीचं भांडण, घरोघरी मातीच्या चुली. तसं नाहीये ते. मी नऊ वर्षं खऱ्या विमानात पोरांना उडायला शिकवलं. चौतिसाव्या वर्षी कानाने घात केला — आतल्या कानात काहीतरी बिघडलं, बसल्या जागी खोली गरगर फिरायची. डॉक्टरांनी तपासलं, शिक्का मारला, परवाना गेला. आठ दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. आमचा धाकटा तेव्हा पंचवीसचा, एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचा, चांगली खुर्चीची नोकरी. तो घरी आला, आईला म्हणाला, "ताईला पुन्हा उडवायचंय," आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन मोकळा. आई म्हणाली, एकीचा कान गेला, दुसऱ्याचं डोकं गेलं. तर असा हा सिम्युलेटर जन्माला आला. धंदा म्हणून नाही हो. माझ्यासाठी.

मग धंदा झाला. आमची वाटणी ठरलेली — तो गणित लिहायचा आणि मी डोळे मिटून उडायचे. इथेच, ह्या सीटवर. तो खाली जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात कीबोर्ड. "ताई, आता?" "आता ढ." "ढ म्हणजे काय गं, नीट सांग ना." "ढ म्हणजे तुझं विमान ढ आहे, त्याला वारा कळत नाही." की लागला पुन्हा खाडाखोड करायला. स्टॉल माहितीये तुम्हाला? — इंजिन नाही हो बंद पडत, सगळ्यांना तसंच वाटतं. वेग कमी झाला, नाक फार वर गेलं, की हवा पंखांची साथ सोडते आणि विमान खाली यायला लागतं. पण हवा न सांगता सोडत नाही. आधी हे हातातलं चाक सैल पडतं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. मग सीटखाली एक बारीक थरथर येते — रडायच्या आधी लहान मुलाची हनुवटी हलते ना, तशी. ती थरथर पकडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. दीड वर्ष! आणि ज्या दिवशी ती बरोबर आली त्या दिवशी मी खाली उतरले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "म्हणजे झालं?" म्हटलं, "झालं." दोघंही रडलो. काय वेडेपणा.

ते सगळं तो रेकॉर्ड करायचा. मी काय बोलते, कशी बोलते, कुठे ओरडते, सगळं. आधी टेपवर, मग फोनवर. एकोणीस वर्षांचं माझं बोलणं ह्या कपाटात आहे.

स्पर्धा? होती की, नसायला काय झालं? तीन घरं होती आमच्या धंद्यात. आम्ही, दुसरे चष्मेवाले — डोळ्यांवर पेटी बांधायची, की मान वळवाल तिकडे आकाश — आणि तिसरा खुर्चीवाला, त्याची खुर्ची हलायची. फक्त हलायची, विमानासारखी हलायची असं मी म्हणणार नाही. दर वर्षी प्रदर्शनात भेटायचो, एकमेकांच्या मालाला नावं ठेवायचो. पण एकदा ऐन प्रदर्शनात आमचा प्रोजेक्टर गेला, तर खुर्चीवाल्याने स्वतःचा काढून दिला आणि दिवसभर काळ्या पडद्यासमोर माणसं हलवत बसला. अशी स्पर्धा होती. फ्लाइंग स्कूलवाले आधी त्यांच्याकडे जायचे, मग आमच्याकडे येऊन म्हणायचे, ताई, उडतं मात्र तुमचंच.

मग आली मोठी कंपनी. त्यांनी काय केलं, गणित लिहिलंच नाही. शेकडो खऱ्या विमानांत नोंदणीच्या पेट्या बसवल्या — किती वारा, कुठे हिसका, पायलटने काय केलं — आणि ती सगळी माहिती मशीनला खाऊ घातली. शिक म्हणाले. आणि ते शिकलं की हो! आम्हाला एकोणीस वर्षं लागली, त्याला अकरा महिने. धाकट्याने वाचलं तर नाचायला लागला. "ताई, बघ तरी. एक समीकरण नाही त्यात, आणि बाजूच्या वाऱ्यात कसं उतरतंय बघ." मी नाही बघितलं. मी कशाला बघू? ज्याचं घर जळतं त्याने आगीचा रंग बघत बसायचं का? वर्षभरात सगळी स्कूलं गेली, एकेक करून. पत्रं मात्र गोड — तुमचे उपकार विसरणार नाही वगैरे. खुर्चीवाल्याने गाशा गुंडाळला. आता अंग चेपायच्या खुर्च्या विकतो. त्या म्हणे चांगल्या चालतात.

आणि मग धाकटा गेला. त्यांच्याकडेच. एका सोमवारी आला नाही, दुपारी दोन ओळींचा निरोप — ताई, मी तिकडे रुजू झालो, तू रागावशील, पण भेटून बोलू. भेटून काय बोलायचं होतं? पण ऐका, तेही मी गिळलं. म्हटलं, तरुण आहे — तरुण कसला, चव्वेचाळीसचा घोडा — पण जाऊ दे, त्याला पोट आहे, बायको आहे. खरा दगा पुढे आहे.

गेल्या प्रदर्शनात मी नुसती बघायला म्हणून गेले. त्यांचा मंडप केवढा, रांग केवढी. मी रांगेत उभी राहिले, सगळ्यांसारखी. भाषा निवडा म्हणाले, मी आपली निवडली. चष्मा बांधला, उडाले. छान होतं. खोटं कशाला बोलू, फार छान होतं. मग म्हटलं, आता बघूच ह्याची अक्कल, आणि मुद्दाम नाक वर ओढलं, ओढत गेले. चाक सैल पडलं. थरथर आली. हनुवटीची थरथर, अगदी तीच. आणि कानात एक बाई बोलली — "नाक पाडा, नाक! विमान आहे, घोडा नाही, लगाम ओढून वर जात नाही ते!"

माझं वाक्य आहे ते. नऊ वर्षं आकाशात आणि एकोणीस वर्षं इथे, दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. आवाज माझा नव्हता, कुणा तरुण मुलीचा, मधात बुडवून काढलेला. पण शब्द माझे. ओरडणं माझं. आणि आणखी एक सांगते — ती बाई मध्येच थांबायची. "आता डावा पाय," म्हणायची, मग गप्प, आणि मग एकदम, "नाही रे, एवढा नाही." कुणी काही विचारलेलं नसताना! मी ओळखलं. त्या गप्प जागी धाकटा आहे. तिथे तो मला काहीतरी विचारायचा — "पूर्ण दाबू का, ताई?" त्यांनी त्याचा आवाज काढून टाकला आणि जागा तशीच राहिली. मशीनला बिचाऱ्याला वाटलं, शिकवणाऱ्या बायका अशाच मध्ये मध्ये थांबतात.

चष्मा काढला तर मंडपातला मुलगा विचारतो, "मॅडम, कसं वाटलं?" चष्मा त्याच्या हातात ठेवला आणि निघाले.

तशीच भावाच्या घरी गेले. भावजयीने दार उघडलं आणि आत निघून गेली. मी म्हटलं, माझं बोलणं तू विकलंस. कपाटातून प्रत काढून नेलीस, चोरासारखी. मला विचारायचं तरी होतंस! एक शब्द! मी नाही म्हणाले असते, पण विचारलंस का? तर तो — जाऊ दे, तो काय म्हणाला ते कशाला. ऐकून घेतलं त्याने. चूक झाली तरी मान खाली घातली नाही, एवढं सांगते. सात महिने झाले. बोलणं नाही, चालणं नाही. ज्याला मी पाठीवर घेऊन वाढवलं तो माणूस. आता तुम्हीच सांगा, ह्याला दगा नाही तर काय म्हणायचं? — तेच म्हणते मी.

तर घेऊन जा हे. माझ्या डोळ्यांसमोरून गेलं म्हणजे बरं. कागद आणलाय? चांगलं केलंत. इथे माझं नाव ... इथे सही. ही घ्या. आणि ही खालची कोणाची? हो, कंपनी दोघांच्या नावावर आहे, बरोबर. मग आणा इकडे, त्याचीही करते. अहो, करते म्हणजे काय, येते मला त्याची सही, त्याच्यापेक्षा चांगली येते. नेहमी मीच करत आलेय. ह्यासाठी त्याला बोलवायचं कुठे? — काय झालं? कागद का ओढलात?

असं बघू नका हो. खोट्या सह्या करणारी बाई वाटले का मी? शाळेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच करायचे, गणितात पस्तीस मिळाले होते म्हणून, बाबांनी सालटी काढली असती. त्याचे कॉलेजचे फॉर्म मी भरले. कंपनीच्या सगळ्या कागदांवर त्याची सही मीच करायचे, त्याला त्याचा कंटाळा. "तूच टाक ना गं माझी," म्हणायचा. म्हणायचा तो! स्वतः! मग त्या पत्रावर केली तर काय आभाळ —

कुठलं पत्र? काही नाही. एक आलं होतं.

आलं होतं हो. त्यांचं. मोठ्या कंपनीचं. तो गेला त्याच्या आधी आठ महिने. दोघांच्या नावाने होतं. दोघांनी या म्हणाले — तुमचं गणित मशीनला ताडून बघायला हवंय, आणि ताईंनी शिकवायला हवंय. हो, मलाही बोलावलं होतं. मी दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. मला माहीत होतं, त्याने वाचलं तर तो उड्या मारत जाईल. आणि मी तिथे काय, त्या मशीनला माझ्या हाताने घास भरवू? मग मी उत्तर लिहिलं. आम्हा दोघांनाही ह्यात रस नाही. खाली दोन सह्या. माझी, आणि ... हो.

पुढचं मला मागाहून भावजयीकडून कळलं — तो एकदा त्यांचं काम बघायला म्हणून गेला, तर तिथल्या माणसाने ते पत्र त्याच्यासमोर ठेवलं. आम्ही तर तुम्हाला विचारलं होतं, म्हणाला. त्याने घरी येऊन काय केलं असेल? आरडाओरडा? नाही. दोन महिने तो वाट बघत राहिला. रोज सकाळी इथे यायचा, शटर वर करायचा आणि विचारायचा, "ताई, काही विशेष?" आणि मी म्हणायचे, "काही नाही रे." दोन महिने, रोज. मला काय माहीत, तो कशाची वाट बघतोय!

त्या दिवशी त्याच्या घरी मी म्हटलं ना, मला विचारलंस का? तर तो म्हणाला, "ताई, मी तुला साठ वेळा विचारलं." एवढंच म्हणाला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आणि सांगितलं कुणाला, तर फोटोसाठी विमान शोधत आलेल्या माणसाला.

नाही, पेन नको. त्याचा नंबर? आहे, तोंडपाठ आहे. मी नाही लावणार. तुम्हीही नका लावू. — नका लावू म्हटलं ना! ठेवा तो फोन खिशात. कागद घ्या तुमचा, माझी सही आहे त्याच्यावर, फाडून टाका ती. नाही, विकायचं आहे की नाही ते मला आत्ता विचारू नका. उतरा. उतरा तुम्ही आधी.

या आता. शटर मी लावते.