हौसाक्काच्या वावरातला कागद

ऐका रं! अन् मधीच कुणी उठू नका. उठला त्यानं एकट्यानं घरी जायचं.

आपली हौसाक्का. तिच्या पांदीकडच्या वावरात आल्याचं पीक टिकायचंच न्हाई. पाला पिवळा पडायचा. उपटावं तर मुळ्यांना गाठीच गाठी! लोक म्हणायचे, खवीस हाय तिथं, वावर सोड. ती म्हणायची, "बापानं दिलंय मला. खवीस सोडंल, मी न्हाई."

तर मातीत बारीक किडा व्हता, डोळ्याला न दिसणारा. सूत्रकृमी म्हणत्यात. नवरा-बायकोनं मातीत धुरीचं औषध सोडलं, वर प्लास्टिकचा कागद हातरला, कडा गाडल्या. वाफ आत कोंडली तरच किडा मरतो. उघडलं की मेहनत पाण्यात, अन् उघडणाऱ्याचा दम कोंडतो ते येगळंच. नवऱ्याच्या डोळ्यांत वाफ गेली तशी तो घरी ओली पट्टी बांधून पडला.

अन् रातच्याला वारं सुटलं! कागद उडाला तर? निघाली की बाई एकटी, बॅटरी अन् फावडं घेऊन.

पांदीत मागनं पावलं वाजली. ती थांबली, पावलं थांबली. ती चालली, पावलं चालली. "ये बाबा," म्हणाली, "माती वढायला माणूस हवंच हाय." वळून बघितलं न्हाई!

वावरात आली, तर कागदाखाली पोर रडतंय. "आये, गुदमरतोय, काढ मला!" काळीज हललं तिचं. पण तिनं कडेवर आणखी माती वढली.

मग हाक आली. "हौसे!" पलीकडं नवरा उभा. "कागद फाटलाय हितं. वाकून बघ, हात घाल."

धावत गेली. वाकली. कड बोटभर उचलली, अन् भसकन वाफ! डोळ्यांत आग, छातीत ठसका. वर बघते तर वारं सगळं त्याच्याकडं, वाफ त्याच्या तोंडावर. अन् त्याला ठसका न्हाई! डोळ्याला टिपूस न्हाई! पट्टी सुदिक न्हाई!

अरं, जित्या माणसाला ठसका लागंल. मेलेल्याला कशाचा?

"मुडद्या!" वरडली ती. खोकत, रडत, धडाधड माती लोटली, वर पाय देऊन दाबली. तो किंचाळतोय, "उघड! उघड!" मग पळाली. मागनं कुणी पदर धरला. फाटला तसाच सोडला तिनं, अन् घराच्या उंबऱ्यात येऊन पडली. आत बघते तर नवरा पट्टी बांधून तसाच निजलेला!

त्या साली आलं कमरेएवढं झालं. मुळ्या पांढऱ्या, गाठ औषधाला न्हाई. लोक म्हणाले, आता खविसाला कोंबडं दे.

"कशापायी? इतकी वर्सं फुकट खाल्लं माझं वावर! परत यायचं तर खुरपं घेऊन कामाला ये म्हणावं."

पण पोरांनो, रातच्याला त्या पांदीनं जाऊ नका. तुम्ही काय हौसाक्का न्हाई.