गोळी घेतल्यावर

थायरॉइडची किरणोत्सारी गोळी घेऊन सासूबाई इस्पितळातल्या उपचाराच्या खोलीतून बाहेर आल्या, तशी सून उठून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. स्वतःच्या गोळीची वाट पाहत बसलेल्या एका शिंप्याने कान टवकारले.

"का गं, सासू नकोशी झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"तसं नाही, आई. तुमच्या अंगातून आता किरणं निघतात."

"गोळी माझ्या पोटात आणि धोका तुला? मी काय कंदील आहे?"

"थोडेच दिवस."

"डॉक्टर म्हणाले, लहान मुलं नि गरोदर बायकांपासून लांब राहा. तू यातली कोण?"

सून लाजून ओढणी सावरू लागली.

"अगं, बोल की!"

"आज जेवताना सगळ्यांना सांगणार होते, आई."

सासूबाई हात पसरून उठल्या आणि अर्ध्या वाटेत थबकल्या.

"अगं बाई! आता तुला जवळ घेऊ, की आणखी लांब जाऊ?"