ताप उतरल्याची खूण

परक्या देशातल्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होते. शेजारी एक कॉलेजची मुलगी आईशी फोनवर बोलत होती. इथे मराठी कुणाला कळतंय, म्हणून फोन चक्क स्पीकरवर.

"आई, रिपोर्ट चांगला आलाय. साधा व्हायरल होता."

"मग आवाज का असा पडलेला?"

"अशक्तपणा आहे गं. परवा तर घरी यायला बॅग भरायला घेतली होती. मोजे टाकले आणि तिथेच झोपले."

"बाई गं! आठ दिवस मी काहीही म्हटलं तरी तुझं आपलं 'हो आई'. तेल लाव, हो आई. लवकर झोप, हो आई. तेव्हाच म्हटलं, हिचा ताप काही साधा नाही."

"गुणी मुलगी नको का तुला?"

"नको. जेवलीस?"

"घरमालकीणबाई सूप देतात. संपेपर्यंत उठत नाहीत, अगदी तुझ्यासारख्या."

"भलं होवो त्यांचं. बरं, तुझी खोली मी तुझ्या मामेभावाला दिलीय."

"काय?"

"तुझं टेबल माळ्यावर टाकलं. भिंतीवरचे कागदही काढले."

"आई! माझे नकाशे? मला न विचारता? मी काय मेले होते का? आत्ताच्या आत्ता लाव ते परत, नाहीतर पुढच्या विमानाने येऊन त्याला बखोटीला धरून बाहेर काढीन!"

"अहो, ऐकलंत का? उतरला हो हिचा ताप!"

"आई... आणि टेबल?"

"आहे तिथेच आहे. मी रोज पुसते, तेवढंच."